किल्लीचं बहुमत

२ मार्च, सकाळी
पुढच्या दाराची किल्ली माझ्याकडून काढून घेतल्याला तीन आठवडे झाले. मी एकदा पार्कातून येताना वाट चुकले, एवढंच कारण. लंडनच्या या पिनरमधली घरं सगळी एका साच्यातली, तो माझा दोष नाही. किल्लीचं रविवारी मत घेऊ, म्हणाला शशी. मुलगा माझाच. मिळणारच.

४ मार्च
नात मालविका पॉलिटिक्सच्या अभ्यासाला कार्डं घेऊन बसली होती. पार्लमेंटातले गट वेगळे करायचे. काही एकाच पक्षातले, एका विचाराचे. काही सगळ्या पक्षांचे मिळून, एकाच विषयापुरते. चीजसाठीसुद्धा सर्वपक्षीय गट असतो म्हणे. मी चौथी शिकलेली, पण तांदूळ निवडण्यात हयात गेली. एकविचारी मिसळणाच्या डब्यात, सर्वपक्षीय बिस्किटांच्या डब्यात. मालविका म्हणाली, आजी, तू माझा टीचरपेक्षा बेटर आहे. खरंच आहे ते.

५ मार्च
घरातलेही गट पाडले. शशी, मालविका: माझा पक्ष. सून सुलक्षणा: विरोधी. हॉस्पिटलात दिवसभर पडलेली माणसं बघते, तिला मी उभी असले तरी पडलेलीच दिसते. नातू जय: कुठलाच पक्ष नाही, जेवायला हाक मारली की येतो. नवराबायकोचं हीटिंगवरही एकमत होत नाही. म्हणजे काळजी नाही.

७ मार्च
शशीला विचारलं, मत मलाच ना? म्हणाला, बघू, आई. म्हणजे हो. जयसाठी पुरणपोळ्या केल्या. चार खाल्ल्यान. तोही माझ्या पक्षात आला. तीन विरुद्ध एक. किल्लीसाठी खिळा ठोकून घेतला. उद्यापासून रोज एकच फेरी, जास्त नाही.

८ मार्च, रविवार
चार विरुद्ध शून्य. माझं मत धरलंच नाही. जय म्हणाला, सॉरी आजी, पोळी नाइस होता. शशीच्या बापानेही चाळीस वर्षं 'बघू'च म्हटलं. मला कळायला हवं होतं.
मग समजलं, फोनवर चौघांचा ग्रुप आहे, तीन आठवड्यांपासून. नाव 'आजी'. मी त्यात नाही. नवराबायको तिथे एकमेकांना थँक्यू लिहितात. कारभार मालविका बघते.
चीजच्या जागी मी.

९ मार्च
मालविकाची कार्डं तपासून दिली. एक कोरं उरलं होतं. त्यावर माझं नाव घातलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं.
दुपारी बेल वाजली. कुणालाही दार उघडायचं नाही, असा ठराव झालाय. आतूनच सांगितलं, घरात कोणी नाही.