दुमडलेल्या पानापुढचे सर्व काही

मी, खाली सही करणारी, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, जिला पोरे आणि पोरांचे आईबापही नुसते 'बाई' म्हणतात, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातून 'कशाला आत्ताच हे' असेच चालले होते. डॉक्टरांनी मात्र आडपडदा न ठेवता सांगितले आहे, तेव्हा हे आत्ताच उरकलेले बरे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम एक. राहते घर माझ्या पगारातून बांधले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती, म्हणजे बाजारातले चष्मेवाले, यांना त्यांच्या हयातीत येथून कोणी हलवू नये. त्यांच्यानंतर घर शाळेकडे जावे, ते फक्त मुलांच्या वाचनासाठी. पुढच्या खोलीत बाके आणू नयेत, चटया टाकाव्यात. ज्याला लोळत वाचायचे त्याने लोळावे. पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यात सोडावे, आवडले तर पुन्हा पुन्हा तेच वाचावे. पुस्तक मिटल्याबरोबर 'काय शिकलास?' असे विचारणाऱ्या मोठ्या माणसाला नम्रपणे दार दाखवावे. नम्रपणे जमत नसेल तर जमेल तसे.

कलम दोन. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी नवी पुस्तके घ्यावीत. ती मुलांनीच निवडावीत. सगळी भुताचीच निवडली तरी चालेल. एक वर्ष भुते वाचून झाली की पोरे आपोआप दुसरे काही मागतात, असा माझा अनुभव आहे.

कलम तीन. माझ्या वेळच्या हेडसरांना मी एक कुलूप ठेवत आहे. शाळेचे वाचनालय म्हणजे त्यांच्या खोलीतले काचेचे कपाट. तपासणीला साहेब येणार म्हटले की काचा लखलखीत व्हायच्या. पुस्तके मुलांना द्या, म्हणून मी त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते.

"पुस्तकं मळतील, बाई."

"मळू देत की, सर. तेवढ्यासाठीच तर आणलीत."

"फाडतील."

"चिकटवू."

असे कैक वर्षे चालले. शेवटी सरांची बदली झाली, तेव्हा ते कुलूप स्वतःच्या किल्लीलाही दाद देईना, इतके गंजले होते. शाळेसमोरच्या सायकलवाल्याने हातोडीने तोडले. आतली पुस्तके ओलीने एकमेकांना चिकटून बसली होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले. तुटके कुलूप माझ्या टेबलाच्या खणात आहे. वजनाला चांगले आहे. सरांनी ते टेबलावर ठेवावे, कागद उडणार नाहीत.

हा सायकलवाला माझाच विद्यार्थी. शाळेत त्याने धड्याला कधी हात लावला नाही. सायकलच्या सुट्या भागांचे एक चित्रांचे पुस्तक होते, तेच वर्षभर वाचायचा, आणि मी वाचू दिले. आता हातातले पान पुरे होईपर्यंत गिऱ्हाइकाला उभे ठेवतो. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे.

कलम चार. सोन्याच्या बांगड्या जाऊबाईंच्या लेकीला द्याव्यात. ती लहानपणी मागच्या दाराने येऊन आमच्या बिट्टीशेजारी बसून वाचत असे. जाऊबाईंना माझा चष्मा द्यावा. बिट्टी गेली त्या दिवशी भरल्या घरात त्या म्हणाल्या होत्या, "सदानकदा पुस्तकात डोकं, त्यानंच पोर खंगली." माझ्या मुलीला ताप होता. डॉक्टरांनी तसे लिहूनही दिले होते. ते वाक्य मी माफ केलेले नाही आणि आता घाईघाईने करणारही नाही. चष्म्याचा नंबर जुळणार नाही. त्यांनी जुळवून घ्यावा.

कलम पाच. ह्यांच्या दुकानातला डोळे तपासण्याचा जुना तक्ता ह्यांची हरकत नसल्यास पहिलीच्या वर्गात लावावा. बिट्टी, आमची एकुलती एक, त्या तक्त्यावरच अक्षरे शिकली. स्टुलावर बसून वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवायची. मग गिऱ्हाईक अडखळले की मागून हळूच अक्षर पुरवायची, आणि ह्यांचे नंबर चुकायचे. "अगं, धंदा बुडवशील माझा!" असे ओरडताना हे हसत असायचे. तसे हसणे मी नंतर ऐकले नाही.

कलम सहा. बिट्टीच्या कपाटाबाबत.

तिला वाचून दाखवायचे प्रत्येक पुस्तक मी आधी वाचत असे. एका वाढदिवसाला तिने अट घातली, "हे माझ्याआधी तू वाचायचं नाहीस." बेट हरवलेल्या एका नावाड्याची गोष्ट होती ती. तापातही उशीला टेकून वाचत होती. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा तिने पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाली, "उरलेलं आल्यावर वाचते. तू पुढचं बघू नकोस हं, आई." मी बघणार नाही म्हणाले. ती आलीच नाही. मी अजूनही पुढचे पाहिलेले नाही.

ह्यांनी तिची सगळी पुस्तके पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात लावली आणि कुलूप घातले. किल्ली सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घरात असते. दुकान उघडण्याआधी भिंगे पुसायच्या मऊ फडक्याने रोज काचा पुसतात. हेडसरांच्या कपाटावरून रान उठवणारी मी, घरातल्या कपाटापुढे गप्प राहिले. कोणत्या तोंडाने बोलणार होते? तेवढ्यावरच तर हे उभे होते.

यंदा डॉक्टरांनी माझे निदान सांगितल्यावर मी ह्यांच्याकडे ते एक पुस्तक मागितले. ह्यांनी कुलूप उघडून काढून दिले. निवृत्तीनंतरही आठवड्यातला एक शेवटचा तास मी शाळेत वाचायला जाते, तिथे ते वाचू लागले. दुमडलेल्या पानाशी आले आणि घडीवर बोट ठेवून थांबले. पुस्तक मिटले. मी नेहमीच ऐन रंगात थांबते, म्हणजे पोरे पुस्तकामागे लागतात. तसेच काही असावे असे वर्गाला वाटले. फक्त एक मुलगी, सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो, फाटकापर्यंत मागे आली.

"बाई, मग पुढे काय झालं?"

"मला माहीत नाही गं."

"म्हणजे तुम्हीपण वाचलं नाही?"

"नाही."

"मग चला ना, दोघी वाचू!"

मला नाही जमले. पुस्तक घरी आले, कपाटात गेले, कुलूप लागले. तरी ते पुस्तक माझ्याबरोबर, न उघडता, घडीसकट जावे, अशी माझी इच्छा आहे. मी लेकीला शब्द दिला होता.

कलम सात. हे कलम दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. शाई वेगळी दिसेल, शुद्ध तीच आहे.

काल वरचे लिहून पडले होते. सुट्टी लागायच्या आधीपासूनच मी शाळेत येत नव्हते म्हणून खारूताई घर शोधत आली. मला बरे आहे का विचारले आणि कपाटापुढे जाऊन उभी राहिली. तिला ते पुस्तक काचेतून दिसले.

हे तिला म्हणाले, "बाळ, ती नुसती बघायची आहेत हं. हात नाही लावायचा."

"नुसतं बघून काय करू, आजोबा? नाव वाचून झालं." मग तिने विचारले, "ज्यांचं आहे त्यांनीतरी वाचलं का पूर्ण?"

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "नाही गं. राहिलं तिचं."

"मग तिला कोण सांगणार?"

पोर काय बोलून गेली ते तिला कळलेही नसेल. ह्यांनी फडके तोंडाला लावले. मी आतून सगळे ऐकत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे एकाच वेळी रडलो, हे एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत अशी वाटणी न करता. कारण मी उठून बाहेर आले होते.

म्हणून पुस्तकाबाबतची कलम सहामधील इच्छा मी या कलमाने रद्द करते. माझा शब्द मी मरेपर्यंत पाळेन, पुढचे मी बघणार नाही. पण बिट्टीने फक्त मला अडवले होते, दुसऱ्या कोणाला नाही.

ते पुस्तक खारूताईला द्यावे. घडी उलगडून तिने तिथून पुढे वाचावे, ह्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने, आणि जिथे थांबेल तिथे आपली घडी घालावी. बाकीची पुस्तके चटयांवर यावीत. मळू देत, फाटू देत, चिकटवा. मळून मळून वाचता येईनाशी झाली की माझ्या लेकीचे कपाट सार्थकी लागले असे समजावे.

ह्यांना विनंती, खारूताईला शाळेतल्यासारखे प्रश्न विचारू नका. ती थांबली की 'मग पुढे काय झालं?' एवढेच विचारा. आम्हा दोघींना ऐकायचे आहे.

वरील सर्व मजकूर मी ह्यांना आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. सहीच्या वेळी ह्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढले, त्यातली किल्ली काढून या कागदावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे. कागद उडेल."

वारा नव्हता.

सही: बाई
साक्षीदार: सायकलवाला (सही केली, हाताच्या ग्रीसचा डाग कागदावर पडला आहे, तो तसाच ठेवावा)
साक्षीदार: औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, उघड्या कपाटासमोर
दिनांक: सुट्टीचा शेवटचा दिवस, उद्या शाळा भरते