अठ्ठेचाळिसावं पान

सोमवार, ७ नोव्हेंबर

फाडलं! पान फाडलं मी. अठरा वर्षांच्या नोकरीत ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नाही, आणि आज नोंदवहीचं अख्खं पान घडी करून ब्लाउजमध्ये कोंबून आणलं. आत्ता समोर आहे. जाळू का? आई विचारेल कसला वास येतोय म्हणून.

नीट लिहिते, म्हणजे डोकं तरी ताळ्यावर येईल. रेडिओवर रोज संध्याकाळी सहा-चाळीसला माझी दहा मिनिटं. हरवलेल्या माणसांची वर्णनं वाचायची. ऐकणारे फोन करतात — अमुक ठिकाणी पाहिलं, तमुक दुकानात दिसलं — ते आम्ही बाहेरच्या खिडकीवरच्या वहीत लिहितो. वही उघडीच असते. घरच्यांनी यावं, वाचावं, तडक जाऊन माणूस घेऊन यावा. ही पद्धत मीच सुरू केली! किती मिरवलं होतं तेव्हा.

शुक्रवारपासून एका बाईचं वर्णन वाचतेय. वय चौतीस, सडपातळ, हनुवटीवर टाक्यांची खूण. तिचा नवरा रोज सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन वही बघतो. बोलणं इतकं गोड की मी मनातल्या मनात त्याचं नाव 'नम्र' ठेवलंय. परवा डोळे पुसत म्हणाला, "ताई, आता तुमच्या आवाजाचाच आधार." मलाही भरून आलं. बावळट कुठली!

आज साडेनऊला कोणाचा तरी फोन — ती बाई इस्पितळामागच्या लाँड्रीत इस्त्री करते. मी खुशीत, ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं. दहा मिनिटांत दुसरा फोन. बाईचा आवाज, अगदी दबका, मागे वाफेचा फुसफुसाट. "मी हरवले नाहीये हो. पळून आलेय. काल एक गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतं. थांबवा ते वाचणं. ती खूण कशाची, विचारलंत का त्याला?" मी तोंड उघडेपर्यंत ठेवलासुद्धा.

दहाला आठ मिनिटं कमी होती. फाडलं.

नम्र आला. वहीवर बोट फिरवलं, हात जोडले, गेला.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. फोनचं तेवढं. पानाचं सांगायची छाती झाली नाही.

"अहो, फोनवर कोणीही काहीही बोलतं. अर्जदाराची सही आहे, पोलिसांचा शिक्का आहे. वर्णन सात दिवस वाचायचं म्हणजे सात दिवस. तुम्ही निवेदिका आहात, न्यायाधीश नाही."

झालं! म्हणजे पोलिसांकडे जायचीही सोय नाही, शिक्का त्यांचाच.

संध्याकाळी वाचलं. पण हनुवटीच्या जागी कपाळ म्हटलं. चौतीसच्या जागी चोपन्न. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम चुकले. घामाने कागद हाताला चिकटला होता.

लहानपणी खोटं बोलले की कान लाल व्हायचे. रेडिओवर कान दिसत नाहीत, एवढंच बरं.

बुधवार, ९ नोव्हेंबर

नम्र आज साडेनऊलाच हजर.

"ताई, काल दोन चुका झाल्या. असू दे, होतं. दमत असाल."

मी माफी मागितली. त्याने वही स्वतःकडे ओढली, सावकाश पानं उलटली. "सत्तेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास?"

पानांवर आकडे छापलेले असतात! अठरा वर्षं बघतेय मी ते आकडे!

"शाई सांडली होती त्यावर."

"कुठली?"

"निळी."

"वहीत तर सगळं काळ्याने लिहिलंय." हसत म्हणाला. हसत! आवाज एवढासाही चढला नाही. तो चढला असता तर मी इतकी भ्याले नसते.

दारावरचे काका मध्येच "बाई, साहेब बोलावतायत" म्हणून आले आणि मी सुटले. साहेबांनी बोलावलंच नव्हतं. काकांना काय कळलं कोण जाणे. देव त्यांचं भलं करो.

पान जाळलं एकदाचं, मोरीत. आईने विचारलंच. "दूध उतू गेलं," म्हटलं. "मोरीत?" म्हणाली.

गुरुवार, १० नोव्हेंबर, दुपार

तो आमच्या घरात बसला होता.

दुपारी जेवायला आले तर हा आमच्या खुर्चीत, हातात पाण्याचा पेला, समोर आई डोळ्यांना पदर लावून बसलेली! "बघ गं, तुझा श्रोता आलाय. किती सज्जन माणूस, आणि काय वेळ आलीय बिचाऱ्यावर!"

तो उठला, आईला वाकून नमस्कार केला. चपला घालता घालता मला म्हणाला, "पत्ता शोधावा लागला नाही, ताई. तुम्हाला कोण ओळखत नाही? आई एकट्याच असतात ना दिवसभर?" आणि मग, "आज शेवटचा दिवस. नीट वाचा. आणि त्या पानावर काय होतं ते आठवलं तर उद्या सांगा."

दार लावलं आणि तिथेच फतकल मारून बसले. आईला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच उखडली — "मग मला पाणी कशाला देऊ दिलंस त्याला!" — जसं काही मी घरात होते. मग म्हणाली, "आणि तू ते वाचणारेस?"

"नोकरी आहे, आई."

"मी ते नाही विचारलं."

मला भीती वाटते. माझी वाटते, आईची त्याहून जास्त. लाँड्रीतल्या बाईचा मी चेहराही पाहिलेला नाही, तिच्यासाठी आईला का पणाला लावू? हे असं लिहिताना लाज वाटते. पण वाटतं हे खरं आहे.

गुरुवार, संध्याकाळ

बोलले. कागद समोर होता, पण बोलले ते माझं: "गेले सहा दिवस ज्या बाईंचं वर्णन मी वाचलं, त्या हरवलेल्या नाहीत. त्या स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेल्या आहेत. त्यांना शोधू नका. कुठे दिसल्या, तर कोणालाही सांगू नका."

काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्याचा हात प्रक्षेपण तोडायच्या बटणाकडे गेला. दाबलं नाही त्याने. मग मी राहिलेली वर्णनं वाचली, एक विसरभोळे आजोबा आणि एक शाळकरी मुलगी. आवाज इतका कापत होता की आजोबांचं वय दोनदा सांगावं लागलं.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

निलंबन. कागद घरपोच आला. आईने सही करून घेतला आणि आणणाऱ्यालाच चार गोष्टी सुनावल्या.

लाँड्रीच्या मालकिणीचा फोन आला. "पोरीला सकाळच्या पहिल्या गाडीत बसवून दिलं. कुठली गाडी ते विचारू नका." मी विचारलं नाही. नकोच मला ते माहीत.

नम्र दहाला ऑफिसवर आला होता म्हणे. फाटकापाशी तासभर उभा होता, मग गेला. कुठे गेला? शेजारच्या वहिनी आमच्याकडे येऊन बसल्यात. दाराला दुसरी कडी बसवली. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही तिघी बोलायच्या थांबतो. पण ती सुटली! आज दोन घास गोड लागले.

शनिवार, १२ नोव्हेंबर

दारावरचे काका घरी येऊन गेले. एका बाईचा फोन आला होता, नाव सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिचं वर्णन मी वाचलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ती सापडली होती. तिचा निरोप काकांनी जसाच्या तसा सांगितला.

"बाईंना म्हणावं, मीही पळूनच गेले होते."