आत्याचा अंगठा

सोमवार, ४ मार्च
आज प्रयोगशाळेत आत्याचा अंगठा आला! उजव्या पायाचा. फॉर्मॅलिनची डबी, वर नाव – मेरेआना. डबी उजेडात धरली. नखाखालचा तोच काळा डाग. "दगड लागलाय" म्हणत आत्याने उडवून लावला होता.

आमचा प्रमुख बेव्हन म्हणाला, "नात्यातलं आहे. दुसऱ्या कुणाला देतो."

हात लावून दाखव म्हटलं! आमच्या घरचं माणूस आमच्याच हातात राहील.

शुक्रवार, ८ मार्च
हाड आम्लात मऊ व्हायला ठेवलंय. डागाचे तुकडे मेणात बसवले. चार ठोकळे झाले.

सोमवार, ११ मार्च
काप घेतले. चाक फिरवत गेले, मेणाची फीत सुटत गेली, कोमट पाण्यावर पसरली. काचेवर उचलली, रंगवली. गुलाबी, जांभळी – आणि मध्ये तो काळा मेला कॅन्सर, चांगला खोल शिरलेला! पण कडा स्वच्छ, म्हणजे सगळा निघालाय. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. संडासात जाऊन रडले. आनंदाने.

बुधवार, २० मार्च
आत्या काठी टेकत स्वतः अंगठा न्यायला आली. आमची रीतच आहे, शरीराचं जे सुटेल ते आपल्या मातीत जायला हवं. इस्पितळही आता कुरकुर करत नाही. पण बेव्हनने अंगठा दिला आणि ठोकळे धरून ठेवले. "ते इथेच राहू द्या. दुखणं उलटलं तर तपासायला काय उरेल?"

आत्या कडाडली, "अंगठा देतोस नि त्याचं काळीज ठेवतोस? मी नवऱ्याशेजारी, होआनीशेजारी, अर्धीमुर्धी झोपू काय रे?"

बेव्हन माझ्याकडे वळला. "तू तरी समजाव."

नाही समजावणार! पाण्यात राहून माशाशी वैर – असू दे. ठोकळे मीच आणून तिच्या हातात ठेवले.

शनिवार, २३ मार्च
पुरला. उरुपात, आमच्या दफनभूमीत, होआनीकाकांच्या थडग्याला लागून – अंगठा आणि चारही ठोकळे, एकाच फडक्यात. प्रार्थना झाली. आत्या वाकून म्हणाली, "होआनी, हा पहिला हप्ता. बाकीची मागून येते. घाई करू नकोस." सगळे खो खो हसलो. निघताना फाटकाशी हातावर पाणी घेतलं. घरी येऊन तिने डुकराचं मांस आणि कुमारा, आमची रताळी, असं काही हाणलं की बघत राहावं.

सोमवार, ८ एप्रिल
बेव्हन तिरकं बोलतो. बोल लेका. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन!

मंगळवार, १ ऑक्टोबर
दुखणं आत्याच्या फुप्फुसात उतरलंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या आहेत, लागू पडल्या तर बाई हिंडूफिरू लागेल. पण तिला चालतील का, ते गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि फुप्फुसातून नवा तुकडा काढणं तिला झेपायचं नाही. "काचेवरचे रंगवलेले काप पुरायचे नाहीत. जुने ठोकळे असतीलच ना?"

बेव्हनने नुसती मार्चची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

उरुपातली माती कुणी उकरत नाही. कधीच नाही. आत्याला कसं सांगायचं? तरी सांगितलं.  भिंतीकडे तोंड करून निजली. मी ठोकळे द्यायला नको होते.

बुधवार, २ ऑक्टोबर
सकाळी आत्याचा फोन.

"मेण कुजतं का गं?"

"नाही, आत्या."

"मग कुदळ घेऊन ये. होआनीला मी सांगते – हप्ता परत हवाय."