घोट्याची पकड

६ जाने., सोम., पेण
वर्षानंतर रेश्मा मैदानावर आली. गेल्या साली पकड शिकवताना मीच तिचा घोटा धरला नि तिचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणतात खेळा. पण घोट्याला हात लागला की हिचा दम तुटतो, ‘कबड्डी’ अर्ध्यातच बंद. म्हणजे बाद. २ फेब्रु.ला रोह्यात जिल्हा निवड. यंदा नाही झालं तर खेळ सोडणार म्हणाली.

९ जाने.
आधी समोर कुणीच नाही अशी चढाई. मग समोर संघातली ज्योती, हात पाठीमागे. मग रेश्मा खाली बसलेली, ज्योतीने घोटा नुसता धरायचा. सात वेळा दम तुटला, आठव्यांदा टिकला. घाम मला जास्त.

१६ जाने.
ज्योतीच्या पकडीतून चार वेळा सुटली! “गेली गो भीती!” म्हणत ज्योतीलाच मिठी. उरलेले तिळाचे लाडू वाटले.
ज्योतीला मीच बाजूला घेऊन सांगितलंय, धर नि ढिली सोड. थोडा धीर येऊ दे पोरीला. चुकलं का? बघू.

१९ जाने., रवि.
रोह्यात सरावसामना. पहिल्याच चढाईत समोरचीने घोटा धरला, तो खराच. रेश्मा जागेवर उभी, दम बंद. पुन्हा चढाईला गेलीच नाही. परतीच्या गाडीत ज्योतीने रडत सगळं सांगून टाकलं. रेश्मा वाटेत निडीला, तिच्या गावाला उतरली, मागे पाहिलं नाही.
माझी अक्कल गेली होती चरायला.

२४ जाने.
आली नाही म्हणून निडीला गेले. ओटीवर वाल निवडत होती.
“भीती खोटं तरी नाय बोलत, ताई. तुम्ही बोललात.”
चहा दिला, बिनसाखरेचा. रागानेच असणार. मग विचारलं, “पकडायला दरवेळी ज्योतीच कशी? तुम्ही का नाय?”
खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून मी कुणाचाच पाय धरला नाही. हात पुढे जात नाही. फार लाज वाटली.
तिने वालाचं सूप बाजूला ठेवलं. “म्हंजे घाबरलोय दोघी. नि सराव मी एकटीच करतेय.”

२८ जाने.
पुन्हा पहिल्यापासून, या वेळी हात माझा. नुसता घोट्यावर ठेवायचा. तीन वेळा काढून घेतला. मीच. तिने पाय नाही काढला.
“ताई, दम चालू ठेवा,” म्हणाली. ज्योती फिदीफिदी हसली. मेली!

१ फेब्रु., शनि.
उद्या निवड. आज पूर्ण जोराची चढाई. “धरा. सोडलंत तर उद्या मी येणार नाय.”
तोच पाय पुढे आला. धरला. तिने ओढलं, माझी बोटं सुटायला आली, डोळे मिटावेसे वाटले. सोडलं नाही. मध्यरेषा हातभर लांब राहिली, पोचली नाही ती. पण पालथी पडूनही कबड्डी कबड्डी चालूच, मी शिट्टी देईपर्यंत.
गुडघा चोळत उठली. विचारलं, दुखतंय? उद्या येणार ना?
“सकाळच्या रोह्याच्या गाडीतून निडी स्टेशनात बघा,” म्हणाली नि बूट उचलून चालू लागली.