फितीवरची गाठ

ताईला, धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर, तेव्हा ओरडू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

या सत्रात बबडीच्या वर्गात मोजमाप शिकवणार, हे छान झालं. दूध मापताना तिलाही जवळ घेत जा. सांडलं तर सांडू दे, लगेच भांडं ओढून घेऊ नकोस.

घरातल्या सगळ्यांची उंची मोजून आणायची म्हटल्यावर 'आईबाबांची कशी मोजू?' म्हणत ती रडली, असं तू लिहिलंस. म्हणून सोबत फीत पाठवतोय. आमच्या शिवणखात्यातल्या मास्तरांनी मला भिंतीला टेकवून, बरोबर माझ्या उंचीची कापून दिली. वर म्हणतात, "पोट आत घे!" उंचीत पोट कुठून आलं, देव जाणे.

फितीला वरच्या बाजूला एक गाठ आहे, ती मी मारलीय. सोडू नकोस. बबडीची आई शेजारी उभी राहिली की तिचं डोकं तिथवर यायचं. ती गेली तेव्हा पोर रांगत होती गं, तिला कुठून आठवणार? आणि फोटोतून उंची कळत नाही.

फीत भिंतीला लाव आणि बबडीला गाठीखाली उभी कर. आईएवढी व्हायला अजून किती उरलंय, ते तिलाच मोजू दे.

तुझ्याच धाकातला,
धाकटा