वेदना : शून्य

३ मार्च, सकाळी ८
कपाळावरच्या डागातून पुन्हा रक्त आलं. दाढी करताना लागलं, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कपाळाची दाढी कधीपासून करायला लागलात?

डाग शर्टाच्या बटणाएवढा. गुलाबी, कडेने चकचकीत. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. गेले आठ महिने बरा होतो आहे. एकतीस वर्षं उघड्या तलावाच्या काठावर भर उन्हात उभं राहून पोरांना पोहायला शिकवलं, एक दिवस टोपी घातली नाही. असल्या कातडीला काय धाड भरणार आहे!

संध्याकाळी : त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं स्वतःच्या मर्जीने ठरवलं. बायकोने अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवली होती. योगायोग.

६ मार्च
डॉक्टर म्हणजे आमची बेडकी! सात वर्षांची असताना तलावाचा कठडा सोडायची नाही. मी सोडायला लावला आणि नाव ठेवलं बेडकी. आता पांढरा कोट, चष्मा, दारावर पाटी. "सर!" म्हणून उभीच राहिली. मी म्हटलं, बस बस, आणि तिच्याच खुर्चीत बसलो. सिस्टरने उठवलं.

डागाचा कण तपासायला काढला. त्याआधी इंजेक्शन. मी हूं की चूं केलं नाही. सिस्टरच्या मनगटावर माझी नखं उमटली, पण तिची कातडीच नाजूक आहे.

११ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर.

बेडकी म्हणाली, त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात कॉमन प्रकार. सहसा पसरत नाही, पण ठेवूनही चालत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. अजिबात घाबरलो नाही. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडी शोधली. बायको म्हणाली, अहो, आपण बसने आलोय.

तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. घाबरली बिचारी. तिला आधार म्हणून मीही घट्ट धरून ठेवला.

१४ मार्च
उपाय दोन. एक, कापून काढायचं. दुसरा, दिवा. डागावर क्रीम लावून तीन तास झाकून ठेवायचं. खराब पेशी ते जास्त पितात. मग लाल उजेड सोडला की त्या मरतात आणि चांगल्या राहतात. दिव्याने डाग जातो, हे ठाऊकच आहे; भानगड इतकीच की दुखतं. म्हणून बेडकीची ट्रायल चालू आहे : प्रखर दिवा नऊ मिनिटं, की मंद दिवा अडीच तास? कशाने कमी दुखतं? कुणाला कुठला दिवा, हे कॉम्प्युटर ठरवतो. मला प्रखर आला. कॉम्प्युटरलाही माणसं कळतात.

दिवा झाल्यावर शून्य ते दहामधला आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच दुखलं नाही. मी सहज विचारलं, आतापर्यंतचा सगळ्यात कमी आकडा? बेडकी म्हणाली, तीन.

फॉर्मवर सही केली. चार पानं होती. वाचत बसणं हा वेळेचा अपव्यय.

१५ मार्च
संकल्प : शून्य. ज्याने एकतीस वर्षं पोरांना "दुखलं तरी तोंड उघडायचं नाही, पाणी जातं" असं शिकवलं, तो विद्यार्थिनीसमोर तीन म्हणणार? सरावाला सुरुवात केली. उकळत्या चहाचा कप तळव्यावर धरून शंभर आकडे मोजायचे. चारपर्यंत आलो. कप फुटला. हल्ली कप फार हलके बनवतात.

मेव्हण्याला फोन करून सांगितलं की मी एका कॅन्सर संशोधनात आहे. तो म्हणाला, डॉक्टर म्हणून? मी सविस्तर उत्तर दिलं नाही.

१९ मार्च, सकाळी ९
खपली खरवडली, क्रीम लावलं, वर काळी पट्टी. तीन तास बाकावर. मनःस्थिती उत्तम. चार वेळा बाथरूमला जाऊन आलो.

दुपारी ३, घरी
पहिलं मिनिट : ऊब. छान. दुसरं : मुंग्या. तिसरं : लाल मुंग्या, सहकुटुंब. चौथ्यापासूनचं नीट आठवत नाही. सिस्टर कपाळावर गार पाण्याचा फवारा मारत होती आणि खोलीत कुणीतरी मोठ्याने आईला हाका मारत होतं.

बेडकी आत आली. "सर, किती?"
"शून्य," मी म्हटलं.
तिचं पेन थांबलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. कौतुकानेच असणार.

२० मार्च
दोन दिवस कपाळाला ऊन लागू द्यायचं नाही. पडदे ओढून बसलोय. कपाळ टोमॅटोसारखं झालंय. मेव्हण्याला शून्य कळवलं. बायको शेजारीच भाजी निवडत होती. देठं फार जोरात मोडत होती.

२२ मार्च
बेडकीने तातडीने बोलावलं. सत्कारबित्कार असेल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.

तर ती काळजीत. म्हणाली, सर, शून्य कुणीच देत नाही. कपाळाची नस बधिर तर नाही ना? आणि कापूस फिरवून विचारलं, कळतंय? आता ज्याला दिवा कळला नाही, त्याला कापूस कसा कळणार? नाही म्हटलं. मग सुई टोचली. नाही म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते डोळ्यांचं होतं, कपाळाचा काय संबंध? बेडकीचा चेहरा आणखी उतरला. मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी. डोक्याचा स्कॅन. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मी बाहेर बाकावर होते. सगळं ऐकलंय. सासूबाई असत्या तर धावत आल्या असत्या."

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "मूठ तुमची, पण कपाळ पुढच्या माणसाचं आहे. तुमच्या शून्यावर विसंबून ती पोर उद्या एखाद्या म्हातारीला त्या दिव्याखाली बसवेल."

मुद्दा नवा नाही. माझ्याही मनात येणारच होता.

२६ मार्च
दिव्याचा दुसरा आणि शेवटचा हप्ता. क्रीम लावायच्या आधीच बेडकीला सांगून टाकलं. म्हणजे घसा खाकरला, हवामानावर बोललो, आणि बायकोने कोपराने ढोसल्यावर सांगितलं. शून्य खोटं. सुई कळली होती. कापूससुद्धा.

रागावेल असं वाटलं. ती स्टूल ओढून समोर बसली. म्हणाली, "सर, पोहायला शिकताना माझा कान दुखायला लागला होता. दहा दिवस मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, दुखलं तरी तोंड उघडायचं नाही. डावीकडून अजून कमी ऐकू येतं मला."

मला वाटत होतं, ती ऐकताना मान तिरकी करते ती डॉक्टरी रुबाब म्हणून.

मी ते पाण्याबद्दल म्हटलं होतं, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. "चुकलं माझं," एवढंच निघालं. ती हसली. म्हणाली, "पोहायला मात्र पक्कं शिकवलंत. अजून रोज जाते. चला, झोपा. आज हवं तेवढं ओरडायचं."

ओरडलो. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, थांबवू का दोन मिनिटं? मी विचारलं, हा दिवा थांबवता येतो? म्हणाली, हो, फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आहे. (मी सही चौथ्या पानावर केली होती. दोष मांडणीचा.)

आकडा विचारला तेव्हा साडेआठ म्हटलं. अर्धे चालत नाहीत. नऊ लिहिलं. स्कॅन रद्द.

२८ जून
डाग गेला! बेडकीने भिंगातून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, सर, साफ. फिकट खूण उरलीय, तीही जाईल म्हणे. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. बायकोने दवाखान्याच्या दारातच पिशवीतून रुंद काठाची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मग बराच वेळ तिला नाक पुसावं लागलं. टोपीत मी शोधमोहिमेवर निघालेल्या माणसासारखा दिसतो, असं माझं मत. बायकोचं मत मशरूम.

ट्रायल छापून येणार आहे. मेव्हण्याला कळवलं : माझ्या कपाळावर आधारित संशोधन लवकरच प्रसिद्ध होत आहे. फ्रेम आणून ठेवली. काचेची, मोठी.

९ फेब्रुवारी
बेडकीने छापील प्रत दिली. बायकोला समोर बसवून मोठ्याने वाचली. एकूण त्रेचाळीस रुग्ण. निष्कर्ष : मंद दिव्याने बरंच कमी दुखतं. प्रखरवाल्यांचे आकडे पाहिले. सहा, सात, आठ. माझा कुठे दिसेना.

शेवटच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत : "एका रुग्णाने सांगितलेले आकडे विश्वासार्ह न वाटल्याने त्याची नोंद वगळली आहे."

बायकोला विचारलं, कोण असेल गं हा? ती चष्मा पुसत म्हणाली, "असेल कुणी बिचारा."

मी फ्रेम कपाटात ठेवायला उठलो. मग तीच म्हणाली, "मी म्हणते, लावा भिंतीवर. बाकी बेचाळीस जणांना मिळून एक तक्ता. स्वतःची अख्खी ओळ मिळालेले तुम्ही एकटेच."

विचार केला. पटलं. फ्रेम टांगली, सोफ्यासमोर. मेव्हणा रविवारी येतोय. एवढं बारीक अक्षर त्याला बापजन्मात वाचता यायचं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
मेव्हण्याने नवा चष्मा केलाय.