अंतोनचा एक शब्द

राखेचा बुधवार, संध्याकाळ. सोनागिरी

पक्षाघाताने अंतोनची वाचा गेली, तेव्हापासून रोज शिकवते आहे. जन्मभर पहिलीच्या पोरांना बोलतं केलं; नवऱ्याला माझं नाव येईना.

आज चर्चमधून आले ती फादरनी कपाळावर लावलेल्या राखेसकट त्याच्यासमोर बसले. "अंतोन, म्हण, मेरी." ओठ हलले, थांबले. मी पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. वर्गात कधी चढला नाही इतका आवाज चढला माझा.

तो स्पष्ट म्हणाला, "पुरे."

पुरे. शिकवणं पुरे, की सगळंच? देवाकडे एकच शब्द मागितला होता. शेजारच्या वैद्यकाकूंना कळवलं तर पेढे घेऊन येतील. कळवलं नाही. त्याला खिचडी भरवली.